फर्म्याचे साहित्य कशावरून ठरवावे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जुन्या मोटारींच्या पत्राकामात लागणाऱ्या फर्म्यांविषयी, म्हणजे पत्र्यावर आकार उतरवण्यासाठी आधी कापलेल्या नमुन्यांविषयी, मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिली, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. आपले म्हणणे असे आहे की लेझर कटिंग आणि वस्तूचा आकार मोजणारा स्कॅनर उपलब्ध असताना पुठ्ठा व कागद यांची शिफारस करणे म्हणजे नव्या मुलांना मागे नेणे होय. आपल्या मते पुठ्ठा पावसाळ्यात नरम पडतो, आणि ॲक्रिलिकचे प्लास्टिक पारदर्शक, नेमके आणि टिकाऊ असल्यामुळे फर्मा पहिल्यापासून त्याचाच करावा. एका वर्कशॉपने चार-पाच प्रकारचे साहित्य बाळगणे हा अपव्यय आहे. आणि पुठ्ठ्याचे तुकडे हातात घेतलेला कारागीर पाहून गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील आपल्या शेडमध्ये जीपचे फुटबोर्ड आणि बॅटरी ट्रे ठरावीक मापाने, संख्येने तयार होतात, असेही आपण नमूद केले आहे. ही शेवटची माहिती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आपल्या आणि माझ्या मतांतील अंतर बहुतांशी तेथूनच सुरू होते.

फर्म्याकडून दोन वेगवेगळी कामे घेतली जातात. एक, आकार शोधणे. दुसरे, सापडलेला आकार जपून ठेवून पुन्हा पुन्हा पत्र्यावर उतरवणे. आपल्या शेडमध्ये फुटबोर्डचा आकार केव्हाच ठरलेला आहे, म्हणून तेथे दुसरेच काम उरते आणि त्या कामासाठी कडक, बारीक कडेचे, न झिजणारे साहित्य हवे, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु ज्याच्यापुढे पद्मिनी मोटारीचा गंजून जाळी झालेला फ्लोअर पॅन (तळाचा पत्रा) किंवा अॅम्बॅसॅडरच्या मागच्या व्हील आर्चचा (चाकावरच्या कमानीचा) नाहीसा झालेला तुकडा आहे, त्याला आकार अजून मिळवायचा आहे. तेथे सुरुवातीलाच ॲक्रिलिक घेतले, तर प्रत्येक दुरुस्तीला नवीन तुकडा कापावा लागतो, आणि खर्चाच्या भीतीने माणूस दोन-तीन मिलिमीटरची चूक तशीच स्वीकारतो. कागदावर अशी तडजोड करण्याचे कारणच पडत नाही.

कागदाचा याहून मोठा गुण असा की तो ताणला जात नाही. सपाट कागद एका दिशेने वळतो, पण घुमटासारख्या किंवा खोगिरासारख्या दुहेरी वळणावर बसवू गेल्यास त्याला सुरकुत्या पडतात किंवा तो फाटतो. पत्राकाम करणाऱ्याला नेमकी हीच माहिती हवी असते. मडगार्डच्या तुकड्यासाठी जाड ड्रॉइंग शीट घ्यावी, ती जुन्या स्पीकरच्या चुंबकांनी मूळ पत्र्यावर धरावी आणि कडेपासून आत चिरा द्याव्यात. चिरांच्या कडा जेथे एकमेकींवर चढतात, तेथे पत्रा आकसवावा लागणार आहे. जेथे त्या उघडून फट पडते, तेथे तो ताणावा लागणार आहे. आणि जेथे काहीच होत नाही, तो भाग नुसत्या वळवण्याने होईल. हातोडा उचलण्यापूर्वी एवढे कळते. ॲक्रिलिकचा कडक तुकडा हे सांगू शकत नाही, आणि तापवून वाकवलेला तर मुळीच नाही, कारण तापल्यावर ते स्वतःच ताणले जाऊन खोटे उत्तर देते. बाजारात सहज मिळतो म्हणून काही जण जुना फ्लेक्स वापरतात. त्याचाही दोष हाच आहे. तो ओढला की लांबतो, आणि सोडल्यावर पूर्ण मूळ मापाला येईलच असे नाही. हुडाच्या कापडासाठी एक वेळ तो चालेल, पत्र्यासाठी चालणार नाही.

स्कॅनरबद्दल माझा आक्षेप यंत्राला नाही. चांगला स्कॅनर पृष्ठभागाचे माप मिलिमीटरच्या अंशापर्यंत देतो, हे खरे आहे. पण तो जे समोर आहे त्याचेच माप देतो, आणि आपल्या कामात जो तुकडा हवा असतो तो बहुधा गंजून गेलेला असतो. उरलेल्या कडाही पूर्वीच्या ठोकापिटीने हललेल्या असतात. दुसऱ्या बाजूचा स्कॅन उलटा करून घ्यावा म्हटले, तर या गाड्यांची डावी आणि उजवी बाजू, विशेषतः अपघातानंतर दुरुस्त झालेल्या गाडीत, तंतोतंत जुळेलच याची खात्री नसते. शिवाय दुहेरी वळणाचा पृष्ठभाग संगणकात सपाट करताना पत्रा किती ताणला जाईल याचे काहीतरी गृहीतक धरावेच लागते, आणि हाताने ठोकलेल्या पत्र्याच्या बाबतीत ते गृहीतक कारागिराच्या हातावर अवलंबून असते.

आता पुठ्ठ्याविषयी. सर्व पुठ्ठे सारखे मानल्यामुळे या साहित्याची विनाकारण बदनामी झाली आहे. फ्रिजच्या किंवा कूलरच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा नळ्यांच्या रेषेत सहज मुडपतो आणि आडव्या दिशेने चुरगळतो. त्याची जाडी तीन ते पाच मिलिमीटर असल्यामुळे कडेवरून मारलेली रेघ पेन्सिल किती तिरकी धरली त्यावर बदलते. मोठ्या भागाचा ढोबळ अंदाज घेणे, एवढेच त्याचे काम. याउलट बायंडिंगचा एक ते दीड मिलिमीटर जाडीचा भरीव पुठ्ठा आपल्या नेहमीच्या १८ गेजच्या, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरच्या पत्र्याच्या जवळपास जाड असतो. त्यामुळे कंगोऱ्यात, खाचेत, दोन पत्र्यांच्या मध्ये तो पत्र्यासारखाच बसतो किंवा पत्र्यासारखाच अडतो. बसत नसेल, तर पत्राही बसणार नाही, हे तेथेच समजते.

मुडपीचा हिशेब येथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण नवशिक्यांचे बहुतेक तुकडे येथेच मोठे होतात. कागदाची घडी जवळजवळ टोकदार असते, पण पत्र्याच्या मुडपीला आतून त्रिज्या असते. १.२ मिलिमीटरचा पत्रा तेवढ्याच आतल्या त्रिज्येने ९० अंशांत मुडपला, तर बाहेरून मोजलेल्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा सपाट तुकडा सुमारे २.२ मिलिमीटरने कमी लागतो. दोन मुडपी असलेल्या बॅटरी ट्रेमध्ये हा फरक चार मिलिमीटरच्या पुढे जातो. कागद बाहेरून गुंडाळून माप घेणाऱ्याने ही वजाबाकी केलीच पाहिजे. तोच कागद जर मुडपीच्या आतल्या बाजूने चिकटवून घेतला, तर दोन्ही बाजूंनी पत्र्याची जाडी आपोआप वजा होते, म्हणजे २.४ मिलिमीटर, आणि चूक पाव मिलिमीटरच्या आसपास उरते. म्हणून आतून बसवलेल्या कागदी फर्म्यावर माझा भर आहे.

ॲक्रिलिकच्या बाबतीत आपण नागपूरचे हवामान हिशेबात घेतलेले दिसत नाही, याचे मला आश्चर्य वाटले. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांपर्यंत उतरतो आणि नवतप्यात पत्र्याच्या शेडखाली तो ४५ च्या वर असतो. एक मीटर लांबीचे ॲक्रिलिक ३५ अंशांच्या फरकाने जवळजवळ अडीच मिलिमीटर वाढते. तेवढ्याच लांबीचे पोलाद अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे हिवाळ्यात कापलेला लांब फर्मा मे महिन्यात गाडीवर ठेवला, तर दोहोंत दोन मिलिमीटरचे अंतर पडते, आणि दोन टोकांची छिद्रे जुळत नाहीत. हातभर लांबीच्या तुकड्यात हा फरक दुर्लक्षिण्याजोगा आहे. आपल्या फुटबोर्डच्या लांबीत तो दुर्लक्षून चालत नाही. त्यातच बहुतेक वर्कशॉपमध्ये पेंटिंगचे काम शेजारीच चालते. थिनरचा हात लागला की ॲक्रिलिकला बारीक तडे जातात, आणि लोखंडासाठी घासलेल्या ड्रिलने छिद्र पाडताना ते कडेला फुटते. पॉलिकार्बोनेट हे दुसरे पारदर्शक प्लास्टिक फुटत नाही, पण थिनर त्यालाही सोसत नाही आणि उष्णतेने ते जवळपास तितकेच वाढते.

पारदर्शकतेचा आपला मुद्दा मात्र योग्य आहे. खालची छिद्रे आणि जुनी वेल्डिंगची रेघ दिसणे फार सोयीचे असते. लहान तुकड्यांसाठी मी जुन्या एक्स-रे फिल्मचा वापर सुचवतो. तिचा पाया पॉलिस्टरचा असतो, ती ओलाव्याने वाढत नाही, एका दिशेने छान वळते, तिच्यावर स्क्राइबरने (रेघ कोरण्याच्या टोकदार सळईने) रेघ ओढता येते आणि उजेडासमोर धरली की आरपार दिसते. धंतोली-रामदासपेठेतील दवाखान्यांच्या या शहरात ती मिळणे अवघड नाही. फक्त रुग्णाचे नाव असलेला कोपरा आधी कापून नष्ट करावा, एवढी सभ्यता पाळावी.

पावसाळ्यात पुठ्ठा नरम पडतो, हा आपला आक्षेप खरा आहे, आणि तो उन्हाळ्यालाही लागू आहे, कारण कूलरच्या ओल्या झोतात ठेवलेला कागद मे महिन्यातही सादळतो. म्हणूनच कागदावर आकार पक्का झाला की त्याच दिवशी तो कडक साहित्यावर उतरवावा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, कापायला आणि घासायला उत्तम, पण ओलावा लागला की कडा फुगतात. लकडगंजच्या लाकूडबाजारातून आणायचेच असेल, तर आयएस ७१० प्रतीचे, म्हणजे पाण्यात टिकणारे (मरीन), प्लायवुड अधिक काळ साथ देते. ज्या ठोकळ्यावर पत्रा ठोकून कड वळवायची आहे, त्यासाठी एमडीएफ दोन-चार नगांपुरतेच चालते, कारण त्याची कड दबत जाते. त्याहून जास्त नग असतील, तर वाळलेल्या बाभळीचा ठोकळा करावा, आणि आपल्यासारखे संख्येचे काम असेल, तर दहा मिलिमीटरच्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाच्या) प्लेटची कड गोल करून घ्यावी.

जाहिरातीच्या पाट्यांचा सनबोर्ड मी वर्कशॉपमध्ये ठेवूच नये असे म्हणेन. तो पीव्हीसीचा असतो. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या बोनेटवर तो नरम पडून वाकू शकतो, वेल्डिंगच्या ठिणगीने जळाला तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू निघतो, आणि त्याच कारणाने लेझरवर कापणे माणसाला आणि यंत्राला दोन्हींना घातक आहे. कागद आणि पुठ्ठाही टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारण्यापूर्वी गाडीतून काढून घ्यावेत. धुमसणारा तुकडा सीटखाली राहिल्यास तो उशिरा पेट घेतो.

गिऱ्हाइकाच्या विश्वासाबद्दल एवढेच लिहितो की तुकडा का बसतो हे पुठ्ठ्यावर दाखवता येते, त्यामुळे पत्रा कापण्यापूर्वीच त्याची संमती घेता येते.

अपव्ययाबद्दल आपण विचारले आहे म्हणून माझी विभागणी सांगतो. एकदाच होणाऱ्या तुकड्याचा फर्मा भरीव पुठ्ठ्यापाशीच थांबवावा आणि काम झाल्यावर टाकून द्यावा. तोच भाग पुन्हा येण्याची शक्यता असेल, तर २२ गेजच्या पत्र्यावर उतरवावा. इतवारीच्या लोहाओळीत उरलेले कापतुकडे घेतले, तर त्यासाठी पूर्ण शीट लागत नाही. पोलादी फर्मा गाडीबरोबर सारखाच वाढतो आणि आकसतो, त्याच्या कडेवरून स्क्राइबरची बारीक रेघ मिळते, ठिणगीची भीती नसते. आपल्या फुटबोर्डसाठी मी दीड ते दोन मिलिमीटरचा एमएस पत्राच सुचवेन, आणि तो लेझरवरच कापून घ्यावा, कारण तेथे लेझरची खरी गरज आहे.

आपल्याकडे आधीच ॲक्रिलिकचे फर्मे असतील, तर ते टाकण्याचे कारण नाही. प्रत्येकाच्या लांब कडेला पोलादी पट्टीने मोजून एकमेकींपासून ५०० मिलिमीटर अंतरावर दोन रेघा कोराव्यात, शेजारी त्या दिवशीचे शेडमधील तापमान, गाडीचे नाव, बाजू, बाहेरचा पृष्ठभाग आणि पत्र्याची जाडी लिहावी, आणि फर्मा वापरण्यापूर्वी त्या रेघा पट्टीवर पुन्हा ताडून पाहाव्यात. अंतरात अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक निघाला, तर टोकांची छिद्रे फर्म्यावरून न मारता गाडीवरून घ्यावीत. हे फर्मे भिंतीला टांगण्याऐवजी सपाट फळीवर आडवे ठेवावेत, आणि ती फळी छताच्या पत्र्यापासून शक्य तितकी खाली असावी.