ओढून नेलेल्या गाडीचाही टोल लागतो
फ्लोरिडात मोटरहोमने (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीने) फिरायला निघणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय: 'मागे जोडलेल्या कारचं इंजिन बंद असतं, म्हणून तिचा टोल लागत नाही.' हे साफ चूक आहे. फ्लोरिडा टर्नपाइक या टोल महामार्गावर टोल अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या आसांच्या संख्येवर ठरतो, इंजिनाचा संबंधच नाही. एकूण अ‍ॅक्सलमधून एक वजा करा आणि साध्या कारच्या टोलला तेवढ्याने गुणा. मोटरहोमचे 2, मागे चारही चाकांवर धावणाऱ्या कारचे 2, असे 4 अ‍ॅक्सल. म्हणजे तिप्पट टोल. तेच मोटरहोम, कितीही अवाढव्य असलं तरी, एकटं गेलं तर कारइतकाच! आणि कृपा करून मागच्या कारमधला सुटा सनपास (टोल आपोआप कापणारं उपकरण) निघण्यापूर्वी काढून ठेवा. टोलच्या यंत्राने तोही टिपला, तर पैसे दोनदा कापले जाऊ शकतात.