आधी गाठ कुठली ते बघा, मग ऑपरेशन

लिव्हरमधली गाठ साधी (म्हणजे कॅन्सरची नसलेली) असली तरी मोठी असेल तर काढलेलीच बरी असं एका लेखात म्हटलंय, ते मला सरसकट पटलं नाही. माझ्या ताईची पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली तेव्हा ७ सेंमीची गाठ दिसली, पहिल्या डॉक्टरांनी लगेच आठवड्यात ऑपरेशन करू म्हणून सांगितलं, घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. मग दुसरीकडे गेलो, तिथे कॉन्ट्रास्ट (गाठ स्कॅनमध्ये नीट दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआय केला आणि डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं की बघा औषध कडेकडून हळूहळू आत भरत चाललंय, हा हिमँजिओमा आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, याचा कॅन्सर होत नाही आणि त्रास नसेल तर नुसत्या आकारावरून काढत नाहीत. सुई घालून तुकडाही घेतला नाही, रक्तस्राव होऊ शकतो म्हणून. अ‍ॅडिनोमा, म्हणजे लिव्हरच्याच पेशींची साधी गाठ, निघाला तर मात्र गोष्ट वेगळी हां, बाईमाणूस असेल तर गर्भनिरोधक गोळ्या बंद करून सहा महिन्यांनी परत एमआरआय करतात आणि तरी ५ सेंमीच्या वर असेल तर काढायला सांगतात, पुरुषांना तर आकार कितीही असो काढायलाच सांगतात, कारण तो फुटू शकतो, कॅन्सरकडेही वळू शकतो. ताईला आता ४ वर्षं झाली, गाठ आहे तेवढीच आहे, ती रोज सकाळी शाळेत शिकवायला जाते.