सातव्यांदा पहिला

अमेरिकेत नवी कॉमिक्स बुधवारी येतात. न्यू जर्सीतल्या आमच्या दुकानात बुधवारी संध्याकाळी जी गर्दी जमते ती साधारण माझ्याच वयाची असते, म्हणजे खालच्या खणातला अंक काढायला वाकताना आधी कुठेतरी हात टेकणारी. लहान मुलं क्वचितच दिसतात. मी नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर नेतो. त्यामुळे मी तिच्यासाठी आलोय असं निदान दिसतं तरी.

घरून परवानगी दोन पुस्तकांची असते. एक सुपरहिरोचं, माझ्यासाठी. एक ‘सर्व वयोगटांसाठी’ असा शिक्का असलेलं, तिच्यासाठी. एवढ्या खरेदीला दहा मिनिटं पुरावीत. लहानपणी मिरज स्टेशनावर इंद्रजाल कॉमिक्स घ्यायचो तेव्हा गाडी सुटायच्या आत व्हायची. वेताळ असला तर वेताळ, नाहीतर मँड्रेक, तोही संपला असेल तर बहादूर. आवडनिवड स्टॉलवाल्याची, पैसे बाबांचे, आनंद आपला.

इथे भिंतभर अंक आणि निवड सर्वस्वी माझी. “स्पायडरमॅन सुरुवातीपासून वाचायचाय, पहिला अंक दे,” असं मी काउंटरवरच्या दाढीवाल्या पोराला म्हणालो. त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, “कुठला पहिला?”

‘अमेझिंग स्पायडरमॅन’ या एकाच मालिकेचा पहिला अंक १९६३ साली निघाला. नंतर १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ सालीही पहिलाच अंक निघाला. आपल्याकडे बारसं एकदाच होतं. इथे विक्री मंदावली की पुन्हा पाळणा सजतो आणि साठी ओलांडलेल्या बाळाच्या कानात परत ‘एक’ सांगतात. मधेच २००३ साली कुणाला तरी जुने अंक आठवले, म्हणून अठ्ठावन्नाव्या अंकानंतर थेट पाचशेवा काढला. बँकेच्या पासबुकात असं झालं असतं तर चौकशी बसली असती.

बरं, आकडे सोडले तर गोष्ट तरी सलग असावी. स्पायडरमॅनचं लग्न १९८७ साली झालं. मेरी जेनशी, रीतसर. २००७ साली काकूचा जीव वाचवण्यासाठी त्याने सैतानाशी सौदा केला आणि मोबदल्यात सैतानाने त्यांचं लग्न जगाच्या स्मृतीतून पुसून टाकलं. घटस्फोट नाही, पोटगी नाही, झालंच नव्हतं! हे मी बायकोला सांगितलं तेव्हा तिने पेपरातून मान वर न करता विचारलं, “सैतान अपॉइंटमेंट घेऊन भेटतो का?”

“लग्न हवंच असेल तर २०२४ पासूनचा ‘अल्टिमेट’ घ्या,” दाढीवाला म्हणाला. ते वेगळं विश्व. तिथे पीटर पार्करला, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडरमॅनला, बायको आहे, एक मुलगा आणि एक मुलगी आहे, आणि चेहऱ्यावर कोळी होण्याआधीचा थकवा आहे. मी तो गठ्ठा बाजूला ठेवून घेतला. अशा माणसाशी माझं जमतं.

मग मुखपृष्ठांचा घोळ. एकाच अंकाची चार-पाच मुखपृष्ठं, आत तीच वीस पानं. काही तर अशी की दुकानदाराने साधे पंचवीस अंक मागवले तरच त्याला एक मिळतं, आणि ते तो साहजिकच पंचवीस अंकांच्या ताठ्यात विकतो. १९९१ साली ‘एक्स-मेन’ या सुपरहिरोंच्या टोळीचा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह निघाला आणि ऐंशी लाखांहून जास्त प्रती खपल्या. लोकांनी पाचही घेतल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या आणि पोरांच्या कॉलेजची सोय झाली असं समजून माळ्यावर ठेवल्या. आज तो अंक आमच्या दुकानात स्वस्त खोक्यात पडलेला असतो. पोरं कर्ज काढून शिकली.

या सगळ्यावर कडी म्हणजे अंक निघण्यापूर्वी काही आठवडे, तो आपल्याला आवडला आहे की नाही हे सांगावं लागतं. न विकलेले अंक दुकानदाराला सहसा परत करता येत नाहीत, म्हणून तो आधीच विचारून ठेवतो. हातात एक चित्र आणि तीन ओळी, त्यातली तिसरी नेहमी ‘यानंतर काहीच पूर्वीसारखं राहणार नाही’ अशी. १९९२ साली सुपरमॅन मेला तेव्हा लोकांनी दुकानांबाहेर रांगा लावल्या. पुढच्याच वर्षी तो परत आला, फक्त केस वाढले होते. सुतकात केस कापत नाहीत हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.

मी कपाळाला हात लावून उभा असताना मुलगी कोपऱ्यातल्या लहान मुलांच्या कपाटापाशी होती. तिथे कुठलंच विश्व पुन्हा सुरू होत नाही. ‘बोन’ या मालिकेतले तीन चुलतभाऊ १९९१ साली गावाबाहेर हाकलले जातात आणि २००४ साली गोष्ट चक्क संपते. ‘डॉग मॅन’मध्ये पोलिसाच्या धडावर कुत्र्याचं डोकं शिवलंय, हे पहिल्या काही पानांतच कळतं आणि नंतर त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. पानं दोनशेहून जास्त, पुठ्ठा जाड. माझा वीस पानांचा अंक चार-पाच डॉलरला पडतो आणि गाडी घरी पोचण्याआधी मागच्या सीटवर वाचून संपतो.

तिने ‘डॉग मॅन’ आणून काउंटरवर ठेवलं.

“अगं, हे तू शाळेच्या लायब्ररीतून आणलं होतंस ना? वाचून झालंय की तुझं.”

“हो, पण हे तुला आहे, बाबा,” ती म्हणाली. “यात आधीचं काही माहीत असावं लागत नाही.” मग तिने मी बाजूला ठेवलेला गठ्ठा स्वतःकडे ओढला. “तो मुलगीवाला स्पायडरमॅन मला.”