यशवंतरावांच्या मृत्यूचा दाखला कुठं मिळतो?

कुणाला माहीत असेल तर कळवा. थट्टा नाही करत. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत अपलोड करायचाय. पीडीएफ, २०० केबीच्या आत, शिक्का स्पष्ट दिसला पाहिजे.

काल दुपारी तास संपवून स्टाफरूममध्ये डबा उघडला. शेपूची भाजी, म्हणजे दिवस तसाही नासलेलाच. पहिला घास तोंडात आणि मेल आला. मेल दिल्लीच्या फेलोशिपवाल्यांचा, इंग्रजीत, पण आत्मा आपल्या तहसील कचेरीतलाच: पीएचडीच्या फेलोशिपच्या अर्जात त्रुटी आहेत, सात दिवसांत पूर्तता करा, नाहीतर अर्ज निकाली निघेल. सात दिवस मेलमधल्या पत्राच्या तारखेपासून. पत्रावर तारीख गेल्या शुक्रवारची. पाठवलं सोमवारी.

त्रुटी हा शब्द ऐकला की माझ्या कानशिलाची शीर उडते. पहिली त्रुटी, आधार कार्डावर माझ्या आडनावात एक 'ए' जास्त. असेल बाबा, काढा तो. दुसरी, गाइडच्या सहीखालचा शिक्का अस्पष्ट. तो शिक्का अस्पष्ट नाही, म्हातारा आहे. त्यातलं 'महाविद्यालय' हल्ली 'महाविद्या' एवढंच उमटतं. तेही ठीक. तिसरी मी दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. ज्या राजकीय नेत्यावर संशोधन प्रस्तावित आहे, त्यांचं मुलाखतीसाठीचं संमतीपत्र, सहीनिशी, जोडलेलं नाही.

माझा विषय यशवंतराव चव्हाणांची संरक्षणमंत्रिपदाची वर्षं, १९६२ ते १९६६.

सहीनिशी! माणूस २५ नोव्हेंबर १९८४ ला गेला. मी तेव्हा जन्मलोसुद्धा नव्हतो. कराडला प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयना मिळतात तिथं समाधी आहे. कुठल्याही शाळेची सहल येते, पोरं तिथं कणीस खातात. मी संमतीपत्र कुठून आणू? प्लँचेट करू?

डबा तसाच झाकला आणि हेल्पलाइन लावली. बत्तीस मिनिटं सनई. मधूनमधून 'आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है'. मग एक बाई आल्या. मी माझ्या हिंदीत, म्हणजे अर्ध्या सांगलीच्या, म्हणालो, मॅडम, वो गुजर गए हैं.

त्या म्हणाल्या, ओह. कब?

मी म्हणालो, चौऱ्याऐंशी में.

त्यांना चौऱ्याऐंशी कळलं नाही. नाइन्टीन एटी फोर, म्हणालो. पलीकडं कीबोर्ड वाजला. मला वाटलं, आता बाई हसतील, मी हसेन, संपलं. बाई म्हणाल्या, 'तो सर, डेथ सर्टिफिकेट अपलोड कर दीजिए. और लीगल हेअर का एनओसी.'

वारसाचं ना हरकत! मॅडम, त्यांना मूलबाळ नव्हतं. वेणूताई त्यांच्या आधी, १९८३ मध्येच गेल्या. आणि वारस म्हणाल तर २५ नोव्हेंबरला सकाळी घाटावर या, रांग लागलेली असते. या पक्षाचे, त्या पक्षाचे, फुटलेले, जुळलेले, सगळे पांढरेशुभ्र कपडे घालून. चव्हाणसाहेबांचा खरा वारसा कुणाकडं, हे ज्यानं त्यानं माइकवर सांगितलेलं असतं. यातल्या कुणाची सही चालेल तेवढं सांगा, मी ओळीनं सगळ्यांच्याच घेतो.

यातलं अर्ध मी मनात म्हणालो. उरलेलं मोठ्यानं म्हणालो तेव्हा फोन कटला होता आणि स्टाफरूममधले भूगोलवाले सर माझ्याकडं बघत होते.

हा अर्ज भरतानाच मला कळायला हवं होतं. चार महिन्यांपूर्वी पोर्टलवर 'नेत्याचा सध्याचा पत्ता' असा रकाना होता, लाल चांदणीसकट. मोकळा सोडला तर पुढचं पान उघडेना. भरला. प्रीतिसंगम, कराड, ४१५११०. पोर्टलनं निमूट घेतला. पुढं जन्मठिकाण. जन्म देवराष्ट्रेचा, १२ मार्च १९१३, तेव्हा जिल्हा सातारा. सातारा निवडलं तर तालुक्यांत देवराष्ट्रेचं कडेगाव नाही, कारण कडेगाव आता सांगलीत. सांगली निवडलं तर माझ्याच प्रस्तावात सातारा लिहिलंय, तिथं तफावत. १९४९ ला जिल्हा फोडताना कुणी माझ्या ड्रॉपडाउनचा विचार केला नाही. शेवटी सांगली टाकलं. सातारकरांनी माफ करावं, अर्धा तास सेशन एक्स्पायर होत होतं.

आणि 'नेत्यावर गुन्हा दाखल आहे काय?' हाही रकाना होता. माझा एक मित्र त्याच वर्षी वसंतदादांवर अर्ज भरत होता. त्यानं रात्री अकराला फोन केला, लका, दादांनी २४ जुलै १९४३ ला सांगलीचा जेल फोडला, हे इथं लिहायचं का? म्हटलं लिही. आमचे साहेब १९३२ ला तुरुंगात गेले ते मी लिहिलंय. त्याला पुढं उपरकाना आला: निकालाची प्रत जोडा. इंग्रज सरकारच्या निकालाची. क्रांतिसिंह नाना पाटलांवर कुणी अर्ज करणार असेल तर त्यानं आत्ताच शहाणं व्हावं. प्रतिसरकार हे कुठल्या रकान्यात बसवणार तू?

या फेलोशिपसाठी माझी मुलाखतही झाली होती, ऑनलाइन. पाच चौकोन, त्यातल्या दोघांचा कॅमेरा बंद, एकाचा फक्त पंखा दिसत होता. पंखेवाल्यांनी विचारलं, पण हे तर रीजनल लीडर ना? नॅशनल लीडर्स की स्कीम है. मी शांतपणे सांगितलं: संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र. चारही खाती. दिल्लीत यापलीकडं राहतं काय, रेल्वे? १९७९ ला चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान. पंखा दोन फेरे फिरला. मग आवाज आला, 'पर पीएम तो नहीं बने.'

हे म्हणजे मराठी माणसाच्या बरोबर त्याच बरगडीत कोपर. नाही बने. ते आम्हाला कळत नाही होय? तीन मूर्ती भवनातल्या नेहरूंच्या नावाच्या संग्रहालयाला २०२३ ला सगळ्या पंतप्रधानांचं नाव दिलं. छान झालं. आता उपपंतप्रधानांसाठी जिन्याखाली एक खोली काढा, भाडं सातारा-सांगलीकर वर्गणी काढून भरतील.

आणि इथल्यांचं तर बोलूच नका. प्रत्येक सभेत 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' म्हणणाऱ्या भाषणबाजांचा मला मनापासून राग आहे. कधी धावला, कुणाच्या जागी धावला, विचारा. कृष्ण मेनन गेले म्हणून नोव्हेंबर ६२ ला बोलावणं आलं, एवढंही येत नाही. चौकाला नाव, कारखान्याला नाव, फ्लेक्सवर फोटो, आणि संरक्षण खात्याच्या एका फायलीसाठी दिल्लीला जायचं तर मिरजेहून गोवा एक्स्प्रेस, दोन रात्री आणि एक दिवस, स्लीपरचं तिकीट माझ्या खिशातून. यूजीसीच्या जेआरएफवाल्यांना, म्हणजे नेट परीक्षेतून फेलोशिप मिळवणाऱ्यांना, २०२३ पासून महिना ३७ हजार, पुढं ४२. माझी जेआरएफ दोन मार्कांनी हुकली. तासिकेचं मानधन दिवाळीचं होळीला येतं. माझ्या गाइडनी तर सरळ तोडगा काढला, कशाला मेलेल्याच्या मागं लागतोस, चालू आमदार धर, खर्च त्यांचेच लोक करतील, ग्रंथप्रकाशनाला जेवणसुद्धा.

मामांना काही सांगायची सोय नाही. डिसेंबर २०२३ ला नागपूरच्या अधिवेशनात अजित पवारांच्या तोंडून पीएचडी करून काय दिवा लावणार असं निघालं. पुढं दिलगिरीबिलगिरी झाली, ती मामांपर्यंत पोचली नाही. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, काय भाचेबुवा, लागला का दिवा? लोडशेडिंग आहे म्हणतो.

असो. तर काल रात्री रागारागात ठरवलं की यांना चार पानी उत्तर लिहायचं. तुम्ही माझा प्रस्ताव वाचला तरी का, असा पहिलाच प्रश्न. मुद्द्याला आधार असावा म्हणून स्वतःचा प्रस्ताव उघडला. पान सात, संशोधन पद्धती. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: 'सदर नेत्यांची प्रत्यक्ष भेट घेऊन सखोल मुलाखत घेण्यात येईल व त्यांच्या कार्यालयातील दैनंदिन कामकाजाचे निरीक्षण करण्यात येईल.'

थोडा वेळ मी काही बोललो नाही.

पद्धतीचं प्रकरण मी त्या वसंतदादावाल्या मित्राच्या बायकोच्या प्रस्तावावरून घेतलं होतं. तिचा विषय जिल्हा परिषदेतलं महिला नेतृत्व, सगळ्या धडधाकट. शेवटच्या रात्री अकरा अठ्ठेचाळीसला मी नुसतं 'महिला नेत्या' शोधून 'सदर नेते' केलं होतं. म्हणजे अख्ख्या दिल्लीत माझा प्रस्ताव खरोखर वाचणारा एक माणूस निघाला, आणि मी त्याच्यावर चार पानं लिहायला बसलो होतो. माझी बायको म्हणाली, झालं? आता झोपा. मी म्हणालो, तरीपण चव्हाण म्हटल्यावर कळू नये? ती म्हणाली, तुम्हाला कळलं का?

हे उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

तरी दाखला हवाच. आज सकाळी सेतूत गेलो. पोरगं तिथं नवीन, कानात इअरफोन, मान वर न करता टायपिंग.

'मयताचं नाव?'

'यशवंतराव बळवंतराव चव्हाण.'

'कधी वारले?'

तारीख सांगितली. बोटं थांबली नाहीत. 'कुठं?'

'दिल्लीत.'

'मग हितं नाही व्हायचं, दिल्लीला अर्ज जाईल. नमुना भरून देतो, पन्नास रुपये. पाव्हणं का तुमचं?'

काय सांगणार. स्क्रीन माझ्याकडं वळवली. मयताशी नाते: मुलगा, मुलगी, पती, पत्नी, इतर. इतर म्हणालो.

'इतर म्हंजे काय लिहू?'

मागं रांगेत उत्पन्नाच्या दाखल्यावाल्या आजी कुरकुरायला लागल्या होत्या.

'फेलोशिप,' मी म्हणालो.

त्यानं तसंच लिहिलं.