एल्डोराडोची ताकद निम्मी झाली? खुलासा

१९७० च्या कॅडिलॅक एल्डोराडो या अमेरिकन गाडीची ताकद ४०० हॉर्सपॉवर, १९७६ च्या गाडीची फक्त १९०. म्हणजे त्याच ८.२ लिटर इंजिनातला जीव सहा वर्षांत गेला, असं सर्रास सांगितलं जातं. हे बरोबर नाही. ४०० हा ‘ग्रॉस’ आकडा आहे. पंखा, एअर फिल्टर, गाडीचा सायलेन्सर असं काहीही न जोडता नुसतं इंजिन टेस्ट बेंचवर चालवून मोजलेला. १९० ‘नेट’ आहे, हा सगळा पसारा जोडून. १९७१ चं एकच इंजिन बघा: ग्रॉस ३६५, नेट २३५! ताकद घटली, हे खरंच. शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन (इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबण्याचं प्रमाण) कमी केलं होतं. पण घसरणीतला मोठा वाटा मोजमापाची पद्धत बदलल्याचा आहे. कृपया ४०० आणि १९० हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पुढे पाठवू नका.