'१२ दिवस सांगून २६ लावले' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब, एक स्टार दिलात त्याबद्दल तक्रार नाही. तारीख मीच दिली होती आणि ती चुकली. पण तुम्ही लिहिलंय की चौथ्या दिवशी कुपवाडला वर्कशॉपवर आलो तेव्हा ट्रॉलीच्या ६० च्या ६० पिना तयार होत्या, मग २२ दिवस माल दाबून ठेवला आणि दुसऱ्याचं काम केलं, तर तसं नाही झालेलं.

तुम्ही बघितल्या त्या पिना नुसत्या टर्निंग झालेल्या, म्हणजे लेथवर आकार दिलेल्या. चकाचक दिसतात, पण तेव्हा कानस मारली असती तर सरळ ओरखडा उठला असता. ईएन ३५३ स्टील आहे ते, केस हार्डनिंग (भट्टीत वरचा थर कडक करणं) झाल्याशिवाय ट्रॉलीला लावलं तर सीझन संपायच्या आत झिजून भोकात खडखडायला लागणार. आणि हार्डनिंगमध्ये माल थोडा फुगतो, वाकतो, म्हणून आम्ही व्यासावर ०.३ मिमी जास्त ठेवतो आणि फायनल ग्राइंडिंग (घासून नेमक्या मापाला आणणं) नंतरच होतं, ते आधी उरकून घेता येत नाही.

ही दोन्ही कामं आमच्याकडं नाहीत. हीट ट्रीटमेंट, म्हणजे हेच हार्डनिंग, शिरोलीला, ग्राइंडिंग मिरज एमआयडीसीत. आता माझी चूक कुठं झाली ते सांगतो. मी हिशोब धरला टर्निंग ४ दिवस, हीट ट्रीटमेंट ३, ग्राइंडिंग २, वर ३ हाताशी, झाले १२. भट्टीत ९२० डिग्रीच्या आसपास कार्ब्युरायझिंग (वरच्या थरात कार्बन मुरवणं), मग क्वेंचिंग (झटकन थंड करणं), टेंपरिंग (परत थोडं तापवणं) सगळं धरून एक-दीड दिवसाचं काम, पण ६० पिनांसाठी कोण भट्टी पेटवत नाही, तेवढ्याच केस डेप्थचा (कडक थराच्या जाडीचा) दुसऱ्या कुणाचा तरी माल येऊन लोड भरेपर्यंत आपला क्रेट दारातच. आठ दिवस! मी स्वतः जाऊन बघून आलो, खडूनं आमचं नाव लिहिलेला क्रेट आणि त्याच्यावर कुणाचातरी चहाचा कप. त्यात ७ पिना वाकून आल्या, त्या स्ट्रेट करण्यात ३ दिवस, आणि तोवर ग्राइंडरवाल्यानं आपला नंबर दुसऱ्याला दिला, तिथं परत रांग. काम तासांचं आणि थांबणं दिवसांचं, मी तारीख देताना फक्त काम मोजलं.

फोन उचलला नाही हे पण खरं. दोन दिवस नाही उचलला, कारण सांगायला तारीखच नव्हती. ते चुकलंच.

'मटेरियल हलकं' हे मात्र मान्य नाही. हार्डनेस रिपोर्ट बिलासोबत दिलाय, ५८ ते ६० एचआरसी (कडकपणाचं माप) आहे, कुठंही चेक करून घ्या.

आता बाहेर कामाला माल पाठवतो त्या जॉबवर्क चलनावरच्या माल गेल्याच्या आणि परत आल्याच्या तारखा काढून बसलोय, थांबण्यात जाणारे दिवस पण धरूनच तारीख देतो. असल्या कामाला २५ दिवस सांगतो, परवा एक गिऱ्हाईक ऐकूनच उठून गेलं, जाऊ दे. घाई असेल तर पूर्ण भट्टीचा चार्ज भरून आपलाच लोड लावता येतो, ते मी तुम्हाला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

ग्राइंडिंगच्या रकमेची क्रेडिट नोट काढलीय, तुमच्या अकाउंटवाल्यांना बघायला सांगा. बुशची (पिन बसते त्या नळीची) चौकशी केली होती त्याचं कोटेशन पाठवू का नको, तेवढं कळवा.