पायकडे सरकणारी आवृत्ती

सॉफ्टवेअरच्या आवृत्ती क्रमांकांवरून प्रोग्रामर मंडळी जी थट्टा करतात ती बाहेरच्यांना पोरकट वाटते. मला मात्र गंभीर चेहऱ्याने दिलेल्या क्रमांकांपेक्षा थट्टेने दिलेले क्रमांकच अधिक प्रामाणिक वाटतात.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रणालीचेच पाहा. तिसऱ्या आवृत्तीनंतर त्यांनी प्रत्येक दुरुस्तीला 'पाय' (π) या गणितातल्या न संपणाऱ्या संख्येचा एकेक अंक वाढवत नेला आणि २०२१ मध्ये तो क्रमांक ३.१४१५९२६५३ पर्यंत पोहोचला. आपल्या निधनानंतर आवृत्ती थेट 'पाय' करावी आणि तेव्हा उरलेल्या साऱ्या चुका वैशिष्ट्ये समजाव्यात, असेही त्यांनी सांगून ठेवले आहे. गंमत खरीच, पण त्या आकड्यातून नेमके कळते की आता यात नवे काही येणार नाही, केवळ बारीक दुरुस्त्या होतील.

उलट विंडोज ७ स्वतःला आतून ६.१ म्हणवत असे, कारण आवृत्ती चुकीच्या पद्धतीने तपासणारे जुने प्रोग्रॅम नवा आकडा पाहून अडून बसले असते. (८.१ नंतर थेट १० का आले, यावर अजूनही चहाच्या टपरीवर वाद रंगतात.)

तीन आकड्यांच्या रूढ पद्धतीत पहिला आकडा बदलला, तर जुने काहीतरी मोडणार असा इशारा असतो. बाणेरच्या एका कंपनीत मी असताना रिलीजच्या मीटिंगमध्ये 'ग्राहकाला दाखवायला काहीतरी मोठे हवे' म्हणून लॉगिनच्या पडद्याचा रंग बदलल्यावर ३.० जाहीर झाले. त्याआधी एपीआयमधले, म्हणजे इतर प्रोग्रॅम ज्यातून आमच्याशी बोलतात त्या जोडणीतले, एक फील्ड काढून टाकणारा बदल मात्र २.४.१ या निरुपद्रवी नावाने गेला होता आणि ग्राहकाचे बिलिंग त्याच रात्री बंद पडले होते. अशा वेळी पहिला आकडा वर्षानुवर्षे शून्यच ठेवणारे लोक शहाणे वाटू लागतात, कारण ते निदान कसलेच वचन देत नाहीत.

मला स्वतःला उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची वर्ष-महिन्याची पद्धत पटते. ऑक्टोबर २००४ ची पहिली आवृत्ती ४.१० होती, आणि २००६ मध्ये काम एप्रिलऐवजी जूनपर्यंत लांबले तेव्हा ६.०४ ऐवजी ६.०६ आली. आमच्याकडे मी हीच पद्धत सुचवली, तेव्हा पहिला आक्षेप आला तो असा, की मग उशीर झाला तर तो सगळ्यांना दिसेल.